प्रकल्प नोंदी: छापखान्याचा हॉल, वाचनालय आणि आवाज

तिसरं वर्ष, सहावं सत्र, इंटीरियर डिझाइन स्टुडिओ. प्रकल्पाच्या फाइलला कामाची वही जोडणं सक्तीचं आहे, म्हणून या नोंदी. स्केचेस वेगळ्या वहीत आहेत.

८ जानेवारी

ब्रीफ हातात पडलं. बंद पडलेल्या छापखान्याचा तळमजल्यावरचा एक हॉल, त्यात सार्वजनिक वाचनालय बसवायचं. अटी एका पानावर मावतात: तीस वाचकांची बसण्याची सोय, मुलांसाठी गोष्टींचा कोपरा, नियतकालिकं, देवघेवीचं काउंटर, चाकाच्या खुर्चीला सगळीकडे वाट. खाली ठळक अक्षरात एक वाक्य आहे: हॉलमध्ये छतापर्यंतची भिंत घालायची नाही. म्हणजे गोष्ट ऐकून खिदळणारी मुलं आणि परीक्षेचा अभ्यास करणारे लोक एकाच हवेत बसणार.

वर्गात लगेच कुजबुज सुरू झाली, की काचेची पार्टिशन चालेल का. मॅडम म्हणाल्या, "छतापर्यंत गेली की ती भिंतच, काचेची असली म्हणून काय झालं?"

१० जानेवारी

मोजमाप. चौघांचा गट. एकाच्या हातात लेझर, एकाकडे टेप, तिसरा कच्चा नकाशा काढतोय, मी आकडे मोठ्यानं म्हणून लिहून घेतेय. आतून लांबी १२ मीटर, रुंदी ८, उंची ४.५. एका लांब भिंतीत खिडक्या, त्यांचा वरचा काठ जमिनीपासून ३.२ मीटरवर. समोरची लांब भिंत पूर्ण कोरी. दार आखूड भिंतीत.

कर्ण मोजल्याशिवाय हॉल सोडायचा नाही हे पहिल्या वर्षापासून अंगात भिनलंय. नीट काटकोनी हॉल असता तर दोन्ही कर्ण १४.४२ मीटर भरले असते. एक १४.४५ आला, दुसरा १४.४०. म्हणजे आठ मीटरच्या आखूड भिंतीत जवळपास ३० मिलिमीटरचा तिरकेपणा. डोळ्याला कळत नाही, पण फरशीची रेघ भिंतीला समांतर धरली की शेवटच्या लादीत हमखास उघडा पडतो. नोंद करून ठेवली.

मोजताना एक गोष्ट सगळ्यांच्याच लक्षात आली. मी आकडा म्हणायचे आणि पलीकडच्या टोकाला उभा असलेला मित्र "काय? काय?" करत राहायचा. ऐकू जात नव्हतं असं नाही, उलट जास्तच ऐकू जात होतं. "बारा पूर्णांक शून्य चार" यातलं "चार" येईपर्यंत "बारा" अजून छताखाली फिरत होता. शेवटी आकडे बोटांवर दाखवले.

११ जानेवारी

मोजमापाची ड्रॉइंग १:५० मध्ये. प्लॅन, चार एलेव्हेशन (भिंती समोरून), दोन सेक्शन (हॉल उभा कापून). कंटाळवाणं आणि आवश्यक.

१५ जानेवारी

बबल डायग्राम आणि झोनिंग, म्हणजे कोणतं काम हॉलच्या कुठल्या भागात ते गोल काढून ठरवणं. वर्गातल्या बहुतेकांनी हॉल तसाच तोडलाय जसा मी तोडलाय: दाराकडे मुलं, मधे काउंटर आणि नियतकालिकं, टोकाला शांत वाचन. बारा मीटरचे ३.५, ३ आणि ५.५ असे तीन तुकडे. मुलं दारातून थेट आपल्या कोपऱ्यात जातील, आत धावत जाणार नाहीत. काउंटर मधे असल्यामुळे ग्रंथपालाची नजर दोन्हीकडे. प्लॅनवर हे फारच समजूतदार दिसतं.

मॅडमनी पेन्सिलनं मुलांच्या कोपऱ्यापासून शांत भागापर्यंत बाण काढला आणि विचारलं, "हे अंतर कशासाठी?"

"आवाज लांब राहावा म्हणून."

"मग लांब राहतो का ते बघून या."

१७ जानेवारी

ध्वनिशास्त्र आम्हाला 'सर्व्हिसेस'च्या पेपरात दोन प्रकरणांत उरकलेलं असतं, प्लंबिंग आणि विजेच्या मधे कुठेतरी. आज ती प्रकरणं पुन्हा उघडली आणि वॉलेस सबाइनपाशी अडकले.

१८९५ साली हार्वर्ड विद्यापीठात फॉग संग्रहालयाचं नवं व्याख्यानगृह बांधून तयार होतं आणि तिथे वक्त्याचं एक अक्षर कळत नव्हतं. उच्चारलेला शब्द साडेपाच सेकंदांहून जास्त वेळ घुमत राहायचा. तेवढ्यात वक्ता दहा-पंधरा शब्द पुढे गेलेला. हे दुरुस्त करण्याचं काम भौतिकशास्त्राच्या तरुण सहायक प्राध्यापकाकडे, म्हणजे सबाइनकडे आलं. त्यानं जवळच्या सँडर्स थिएटरच्या खुर्च्यांवरच्या गाद्या रात्री उचलून आणायच्या, व्याख्यानगृहात मांडायच्या, ऑर्गनची एक नळी वाजवून थांबवायची आणि आवाज विरेपर्यंतचा वेळ कानानं आणि घड्याळानं मोजायचा. मग आणखी गाद्या, पुन्हा मोजणी. सकाळी थिएटर उघडायच्या आत गाद्या जागेवर परत. या खटाटोपातून निघालेलं सूत्र आजही तेच वापरतात: निनादकाळ (आवाज विरायला, म्हणजे ६० डेसिबलनं उतरायला लागणारा वेळ) म्हणजे ०.१६१ गुणिले खोलीचं घनफळ, भागिले खोलीतलं एकूण शोषण. शोषण काढायचं प्रत्येक पृष्ठभागाचं क्षेत्रफळ आणि त्याचा शोषणांक (आदळलेल्या आवाजाचा किती भाग तो गिळतो) यांच्या गुणाकारांची बेरीज करून. उघडी खिडकी म्हणजे १, कारण तिच्यातून गेलेला आवाज परत येत नाही. गुळगुळीत फरशी ०.०१.

मला यात आवडलं ते हे की मोजमापाचं साधन होतं गादी. आमच्याच धंद्यातली वस्तू. इंटीरियर म्हणजे गाद्या-पडदे असं जे लोक हसत म्हणतात, त्यांना हा किस्सा सांगायला हवा.

१८ जानेवारी

आता आपल्या हॉलचा हिशेब. ५०० हर्ट्झच्या पट्टीतल्या आवाजाला, कारण ती बोलण्याच्या पट्ट्यात मधोमध येते.

घनफळ ४३२ घनमीटर. फरशी ९६ चौ.मी. × ०.०१ = ०.९६. छत ९६ × ०.०२ = १.९२. गिलाव्याच्या भिंती १६२ × ०.०२ = ३.२४. खिडक्यांच्या काचा १८ × ०.१८ = ३.२४. एकूण शोषण ९.३६. म्हणजे एवढ्या प्रचंड हॉलमध्ये आवाज गिळणारी जागा जेमतेम नऊ चौरस मीटर. निनादकाळ ७.४ सेकंद.

वाचनालयाला एका सेकंदाच्या आसपास हवा.

पुढचा आकडा जास्त झोंबला. बोलणाऱ्यापासून एका ठराविक अंतरापलीकडे गेलं की कानावर थेट येणाऱ्या आवाजापेक्षा भिंतींवरून उलटून आलेला आवाज वरचढ होतो. हे अंतर काढायचं ढोबळ सूत्र आहे: घनफळ भागिले निनादकाळ, त्याचं वर्गमूळ, गुणिले ०.०५७. आपल्या हॉलला ते अर्ध्या मीटरच्याही आत येतं. म्हणजे मुलापासून हातभर लांब बसा की हॉलच्या दुसऱ्या टोकाला बसा, ऐकू येणार तो हॉलच, आणि तो सगळीकडे सारखाच. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलनं उतरतो. इथे तो उतरणारच नाही. प्लॅनवरचा तो समजूतदार बाण कानाच्या दृष्टीनं शून्य लांबीचा आहे.

२१ जानेवारी

हॉलमध्ये फुगा फोडून मोबाइलवर रेकॉर्ड केलं. पूर्ण ६० डेसिबल उतरेपर्यंत बाहेरचा गोंगाट मधे येतो, म्हणून पहिल्या २० डेसिबलचा उतार धरून तिप्पट करायचा, अशी पद्धत. साडेचार सेकंद आले. हिशेब ७.४ म्हणत होता.

सरांना दाखवलं. त्यांनी सूत्र उलटं लावायला सांगितलं: साडेचार सेकंदांसाठी शोषण साडेपंधरा लागतं, म्हणजे आपल्या बेरजेपेक्षा सहा जास्त. कुठून आलं? कोपऱ्यात कागदाची रिळं पडलेली आहेत. दार जुनं, फटींचं. भिंतींचा गिलावा ठिकठिकाणी पोपडे धरून सुटलाय. एकूणच इतकं कमी आहे की सहा चौरस मीटरनं उत्तर निम्म्याकडे येतं. यातली गंमत अशी, की आपण रिळं हलवणार, दार बदलणार, गिलावा गुळगुळीत करणार. नूतनीकरण केलं की हॉल आत्ता आहे त्याहून जास्त घुमणार. म्हणून पुढचा सगळा हिशेब ९.३६ धरूनच.

शेजारच्या टेबलावरून सूचना आली, "अगं, अंड्यांचे ट्रे लाव भिंतीवर. स्टुडिओत लावतात." हे दर वर्षी कोणीतरी म्हणतंच. ट्रे म्हणजे पातळ पुठ्ठा. आकारामुळे वरच्या पट्टीतला आवाज थोडा विखुरतो, बोलण्याच्या पट्टीत जवळजवळ काही शोषत नाही, आणि पेट घ्यायला एकदम तयार.

२४ जानेवारी

इंटीरियरच्या इतिहासाच्या तासाला जर्मन डिझायनर लिली राइख. १९२७ साली बर्लिनच्या एका फॅशन प्रदर्शनात तिनं वास्तुविशारद मीस व्हान डेर रोहबरोबर एक कॅफे उभारला होता, मखमल आणि रेशमाचा. भिंती नव्हत्याच. वाकवलेल्या पोलादी नळ्यांवरून लोंबणारे पडदे: काळी, नारिंगी, लाल मखमल, सोनेरी, रुपेरी, काळं, लिंबासारखं पिवळं रेशीम. स्लाइडवर सगळे रंग-अवकाश याबद्दल बोलत होते. माझ्या डोक्यात सध्या एकच किडा असल्यामुळे मला वाटलं, तिथे बसून बोलायला किती बरं वाटलं असेल. भल्यामोठ्या प्रदर्शन हॉलमध्ये तो एकच कोपरा असणार जिथे समोरच्याचं ऐकू येत होतं.

मग तासानंतर तक्ते काढले. हलकं कापड ताणून लावलं तर शोषणांक ०.१ च्या आसपास. जाड मखमल निम्म्या रुंदीत चुण्या घालून लावली तर ०.५. चुणीचं काम केवळ देखणेपणाचं नाही.

२६ जानेवारी

मुलांच्या कोपऱ्याभोवती गोल रेलवर मखमलीचा पडदा, गोष्टीच्या वेळी ओढून घ्यायचा. स्केच छान आलं. मॅडमना दाखवलं. त्यांनी एकच प्रश्न विचारला: "याचं वजन किती?"

प्रश्नाचा रोख कळायला थोडा वेळ लागला. आवाज शोषणं आणि आवाज अडवणं ही दोन कामं आहेत आणि दोन्हीला लागणारा माल एकमेकांच्या उलट असतो. शोषायला सच्छिद्र माल हवा: हवेचे कण तंतूंमध्ये शिरतात, घासतात, ऊर्जा उष्णतेत जाते. अडवायला वजन हवं: भिंत जितकी जड तितकी हलायला नाखूश, ढोबळमानानं वस्तुमान दुप्पट केलं की ६ डेसिबल. चौरस मीटरला किलोभरसुद्धा न भरणारा पडदा मुलांचा आवाज आत कोंडून ठेवेल ही आशा धरायची नाही. तो थोडा आवाज खाईल, उरलेला आरपार जाईल.

पडदा रद्द केला नाही. त्याला दुसरं काम शोधायचंय.

३० जानेवारी

छत. सगळे रस्ते तिथेच जातायत. भिंतींपैकी एक खिडक्यांची, एक कपाटांची, आणि जमिनीवर माणसं चालणार. मोकळी उरते ती डोक्यावरची ९६ चौरस मीटर.

पूर्ण फॉल्स सीलिंग घातलं तर हिशेब सहज बसतो, पण छापखान्याची उंची जाते आणि हॉल कुठल्याही कार्यालयासारखा होतो. शिवाय खिडकीचा उजेड. दिवसाचा उजेड खिडकीच्या वरच्या काठाच्या उंचीच्या दोन ते अडीच पट आत पोचतो, म्हणजे आपल्याकडे साडेसहा ते आठ मीटर. कपाटांच्या भिंतीपर्यंत जेमतेम. त्यात काही आडवं आलं की मागची बाजू दिवसाही दिवे लावून बसणार.

म्हणून उभे बॅफल. कापडात गुंडाळलेली ५० मिमी जाडीची खनिज लोकर, लांबी १.२ मीटर, उंची ३०० मिमी, उभी लटकवायची. दोन्ही बाजू काम करतात, त्यामुळे एका बॅफलला ०.७२ चौ.मी. मिळतात. शोषणांक ०.८ धरला तर ६० चौरस मीटरला ४८ चं शोषण. त्यासाठी ८४ बॅफल. आठ मीटरच्या रुंदीत एका रांगेत सहा, बारा मीटरच्या लांबीत १४ रांगा, दोन रांगांमध्ये साधारण ८५७ मिमी. आकडा इतका नेमका बसला की दोनदा तपासला.

रांगा खिडक्यांच्या भिंतीला काटकोनात, म्हणजे उजेड दोन रांगांच्या मधून सरळ आत जातो. आखूड भिंतींना समांतर, म्हणजे तो ३० मिलिमीटरचा तिरकेपणा शेवटच्या रांगेत दिसत नाही. बॅफलचा खालचा काठ ३.४ मीटरवर, खिडकीच्या काठाच्या वर.

१ फेब्रुवारी

पूर्ण बेरीज:

रिकामा हॉल ९.३६. बॅफल ४८. कार्पेट ४० चौ.मी. × ०.३ = १२. भरलेली कपाटं ३० चौ.मी. × ०.३ = ९. एकूण ७८.३६. निनादकाळ ०.८९ सेकंद. तीस माणसं बसली, माणशी ०.४ धरलं, तर ०.७७.

घुमणाऱ्या आवाजाची पातळी ९ डेसिबलनं खाली. १० डेसिबल उतरले की कानाला आवाज साधारण निम्मा वाटतो, म्हणजे त्याच्या अगदी जवळ.

सरांनी वही चाळली आणि विचारलं, "हे ५०० ला. १२५ ला काय?" तिथे चित्र एवढं चांगलं नाही. सच्छिद्र माल जिथे हवेचे कण जोरात हलतात तिथे चांगलं काम करतो, म्हणजे भिंतीपासून पाव तरंगलांबीवर. ५०० हर्ट्झची पाव तरंगलांबी १७ सेंटिमीटर, १२५ ची जवळपास ७०. पन्नास मिमीची लोकर खालच्या पट्टीपुढे तोकडीच पडते. ती छतापासून लांब लटकतेय याचा थोडा फायदा मिळेल. मुलांचे आवाज, खुर्ची ओढल्याचा कर्कश आवाज वरच्या पट्टीत येतात, त्यामुळे या वाचनालयापुरतं चालतंय. संगीताचा वर्ग असता तर चाललं नसतं. सर म्हणाले, "हे वाक्य शीटवर लिही."

५ फेब्रुवारी

फर्निचर. इथे नवीन शोध लावायचा नाही असं ठरवलं. मोठ्यांची खुर्ची ४५० मिमी, टेबल ७४०. सहा-सात वर्षांच्या मुलांना ३५० ची बैठक आणि ५९० चं टेबल. चाकाच्या खुर्चीसाठी टेबलाखाली ७०० मोकळे, वाटा किमान ९००, वळायला १५०० चं वर्तुळ. खुर्च्यांच्या पायांना फेल्टच्या टोप्या. या टोप्या सगळ्या प्रकल्पातली सर्वांत स्वस्त आणि बहुधा सर्वांत उपयोगी वस्तू ठरतील.

८ फेब्रुवारी

कपाटं. कोऱ्या भिंतीवर १२ मीटर, २.१ मीटर उंच. प्लायचा पूर्ण शीट २४४० × १२२०, त्यामुळे १२०० ची फळी काढायचा मोह होतो. कटिंग सुटसुटीत, वाया काही जात नाही. पण पुस्तकांचा भार मीटरला वीस-तीस किलो सहज भरतो, आणि सारख्या पसरलेल्या भाराखाली फळीचा झोल लांबीच्या चौथ्या घातानं वाढतो. १२०० ची ९०० केली की झोल एक-तृतीयांशाच्या खाली येतो, फळी तीच, १८ मिमीची. म्हणून ९०० चे १३ खण, ११.७ मीटर, उरलेल्या ३०० मध्ये विजेची उभी पाइप.

ग्रंथपालाची खुर्चीतली नजर साधारण १.२ मीटरवर असते, म्हणून मुलांच्या बाजूची सुटी कपाटं त्याहून खाली. आवाजाच्या दृष्टीनं उंच कपाट बरं, नजरेच्या दृष्टीनं बुटकं. इथे मी नजरेच्या बाजूनं कौल दिला. मुलं कुठे आहेत ते दिसलं पाहिजे. आवाजाची सोय वर केली आहे.

१२ फेब्रुवारी

मटेरियल बोर्ड. अमेरिकन डिझायनर फ्लॉरेन्स नॉल आपल्या खोल्यांच्या छोट्या नकाशावर खऱ्या कापडाचे तुकडे चिकटवायची, तसंच करायचं होतं: नमुने सुटे न मांडता प्लॅनवरच, प्रत्येक जागच्या जागी.

स्टुडिओतल्या ट्यूबखाली बॅफलचं कापड आणि खुर्चीचं कापड एकाच करड्या-हिरव्या छटेचं होतं. बोर्ड उचलून खिडकीपाशी नेला तर खुर्ची हिरवी राहिली आणि बॅफल तपकिरीकडे झुकला. दोन कापडं, दोन वेगळे रंगद्रव्यांचे मेळ, एका दिव्याखाली सारखे, दुसऱ्याखाली वेगळे. आमच्या हॉलमध्ये दिवसा खिडकी आणि संध्याकाळी दिवे, त्यामुळे हे रोज घडणार. जुळवण्याचा नाद सोडला. बॅफल सरळ फिकट, खुर्च्या गडद. सारखं दिसायला हवं असलेलं काहीच नसलं की बिघडायलाही काही राहत नाही.

फिकट बॅफलचा आणखी एक फायदा: काळे बॅफल उजेडही गिळतात. वर्गात दोघांनी काळे घेतलेत. दिसायला झकास आहेत. टेबलावर ५०० लक्स (उजेडाचं माप) आणायला त्यांना किती जास्त दिवे लागतात ते बघू.

१४ फेब्रुवारी

आरसीपी, म्हणजे छताचा नकाशा. दिव्यांच्या रेषा बॅफलांच्या मधे, त्याच दिशेनं. टेबलावर ५००, पुस्तकांच्या पाठींवर उभ्या पृष्ठभागाला २००, कलर रेंडरिंग (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ८० च्या वर. शांत भागात प्रत्येक टेबलाला वेगळा दिवा, म्हणजे छताचे दिवे मंद ठेवता येतील.

१९ फेब्रुवारी

मधला रिव्ह्यू. बाहेरून आलेल्या वास्तुविशारद बाई होत्या. मॉडेल उचलून डोळ्याच्या पातळीला धरलं, बराच वेळ आत बघितलं. मग म्हणाल्या, "सगळं शोषण वर ठेवलंस. सूत्र तर धरून चालतं की ते खोलीभर सारखं पसरलंय."

छताचा आवाज बॅफल खातील, पण जमिनीला समांतर जाणारा आवाज दोन कडक समांतर भिंतींमध्ये नुसता टोलवला जात राहतो. टाळी वाजवली की तडतड ऐकू येते ती हीच. खिडक्यांची आणि कपाटांची जोडी त्यातून सुटते, कारण पुस्तकांच्या पाठी खडबडीत असतात आणि आवाज विखरून टाकतात. दोन आखूड भिंती मात्र नुसत्या गिलाव्याच्या, बारा मीटर अंतरावर समोरासमोर.

तिथल्या तिथे पडद्याला नोकरी लागली. मुलांच्या कोपऱ्यामागची, दाराची भिंत. दार सोडून उरलेल्या भिंतीवर मखमल, चुण्या घातलेली, भिंतीपासून १५० मिमी पुढे. अंतर ठेवलं की खालच्या पट्टीलाही थोडा हात लागतो. समोरच्या टोकाला जाड फेल्टचा सूचना फलक, भिंतभर. मुलांना मागे लाल पडदा मिळाला, म्हणजे गोष्ट सांगणाऱ्यालाही रंगमंच मिळाला.

त्यांचा दुसरा प्रश्न असा होता, की उद्घाटनाच्या दिवशी कपाटं निम्मी रिकामीच असतील, तेव्हा कपाटांच्या शोषणाचे ते ९ कुठून आणणार? पडदा आणि फलक त्याची भरपाई करतील, हिशेब जोडला.

२३ फेब्रुवारी

कार्पेटची कड. वाकड्या हॉलमध्ये कार्पेट भिंतीपर्यंत नेलं की टाइल तिरक्या कापाव्या लागतात. व्हेरोनाच्या कास्तेलव्हेक्कियो संग्रहालयात इटालियन वास्तुविशारद कार्लो स्कार्पानं नवी फरशी जुन्या भिंतीला टेकवलीच नाही. मधे खाच सोडली, नवं संपतं आणि जुनं सुरू होतं ते स्पष्ट दिसतं. ते काम १९५६ पासून १९६४ पर्यंत चाललं. आमच्याकडे एक सत्र आहे. पण तत्त्व उसनं घेता येतं: कार्पेट काटकोनात, कडेला धातूची पट्टी, भिंतीपर्यंत छापखान्याची मूळ फरशी मोकळी. तिरकेपणा त्या पट्टीत जिरतो. कडेला कार्पेट नसल्यानं पुस्तकांची ढकलगाडी तिथून सहज पळते.

६ मार्च

सेक्शन १:२० मध्ये, हातानं. प्लॅनवर हा प्रकल्प काहीच सांगत नाही. कोणाचाही झोनिंग असाच. सेक्शनमध्ये बसलेलं मूल, वरचा बॅफल, मागची मखमल, कपाट, खिडकीतून येणारा उजेड हे सगळं एका रेषेत येतं. शीटच्या उजव्या बाजूला शोषणाचा तक्ता, पृष्ठभागागणिक. प्रेझेंटेशन शीटवर आकडे नकोत असं काही जण म्हणाले. आवाज कमी झाला हे रेंडरमध्ये (संगणकावरच्या चित्रात) दाखवायचा दुसरा मार्ग कोणी सांगितला नाही.

१३ मार्च

अंतिम ज्युरी. तक्त्यावर चर्चा झाली, बॅफलांच्या रांगा आवडल्या, मुलांच्या बाजूची साठवण अपुरी आहे हे पटलं. मग एका परीक्षकांनी वर बोट करून विचारलं, "चौऱ्याऐंशी. पुसणार कोण?"

वर्ग हसला. प्रश्न हसण्यासारखा नव्हता. कापडाचे आडवे काठ, ३.७ मीटर उंचीवर, त्यावर पुस्तकांची धूळ. साफ करता येणार नाही अशी वस्तू काही वर्षांत लोक काढून टाकतात, आणि हॉल पुन्हा घुमायला लागतो.

१७ मार्च

बॅफलचा तपशील १:५ मध्ये नव्यानं. आधी वायरला कायमची लूप होती. आता आडवी अॅल्युमिनियमची रेल, प्रत्येक बॅफलला दोन आकडे, खालून काठीनं ढकलून सुटणारे. एकाचं वजन दोन किलोच्या आसपास, एका माणसाला झेपतं. कापडाला चेन, म्हणजे खोळ काढून धुता येईल. वरच्या काठाला उतरती टोपी, धूळ कमी साठावी म्हणून. खोळी ८४ च्या जागी ९६ मागवायच्या: दोन रांगांच्या बारा जास्त, धुण्याच्या पाळीत वापरायला.

२० मार्च

वर्किंग ड्रॉइंगचा संच जमा केला: प्लॅन, आरसीपी, तीन सेक्शन, कपाटाचा जोड, बॅफलचा आकडा पूर्ण मापात, कार्पेटची कड, बीओक्यू (मालाच्या मापांची यादी). मॅडमनी सही केली, फक्त रेलची लांबी पुन्हा मोजायला सांगितली. रांगा १४ असल्या तरी दाराशेजारच्या रांगेत हवेचा डक्ट उतरतो, तिथे रेल तुटते आणि बीओक्यूत ती सलग धरली आहे. सोमवारी सुधारित पान द्यायचं आहे.